चिमणीचं गाणं २३ वर्षं गप्प होतं

माझ्या मुलीच्या प्रगतिपुस्तकात ‘मातृभाषा’ या शब्दापुढे ‘हिंदी’ असं छापून येतं. घरी ती मराठी बोलते, नाशिकच्या आजीशी फोनवर मराठीत हट्ट करते, आणि शाळेत तिची मातृभाषा हिंदी. सिंगापूरमध्ये यात कुणाला काही वावगं वाटत नाही. इथे ‘मदर टंग’ हे शाळेतल्या एका विषयाचं नाव आहे, जसं गणित, जसं विज्ञान. चिनी वंशाच्या मुलाला मँडरिन, मलय मुलाला मलय, भारतीय मुलाला तमिळ. तमिळ नको असेल तर हिंदी, बंगाली, पंजाबी, गुजराती किंवा उर्दू. यादीत मराठी नाही. मग आम्ही बहुतेक मराठी आईबाप हिंदी घेतो. निदान लिपी तरी तीच राहील, एवढाच विचार.

एकदा लिफ्टची वाट बघताना शेजारच्या आंटींना हे सांगितलं. साठीच्या आहेत, नोकरीतून निवृत्त झालेल्या. इथे वयाने मोठ्या बाईला सगळेच आंटी म्हणतात, म्हणून मीही म्हणते. त्या म्हणाल्या, “माझंही तसंच की. आई कँटनीज बोलायची. शाळेने सांगितलं, तुझी भाषा मँडरिन.” मी हळहळून काहीतरी बोलायला गेले, तर त्यांनी मला अडवलं. “अगं, पण त्याच मँडरिनमध्ये आम्ही गाणी केली!” आणि लिफ्ट सोडून त्या घरात गेल्या, त्या एक वही घेऊनच बाहेर आल्या.

ती वही मी नंतर बराच वेळ मांडीवर घेऊन बसले होते. पुठ्ठ्याचं कव्हर, कडा झिजलेल्या, शिवण दोऱ्याने पुन्हा घातलेली. आत निळ्या शाईत चिनी अक्षरांच्या ओळी आणि अक्षरांच्या डोक्यावर आकडे. मला चिनी वाचता येत नाही, पण आकडे वाचता आले. एक म्हणजे सा, दोन म्हणजे रे, तीन म्हणजे ग. आकड्याखाली टिंब असलं की खालचं सप्तक, वर असलं की वरचं. लहानपणी पेटीच्या क्लासात भातखंड्यांच्या पद्धतीने स्वर लिहायला शिकले होते, त्यातही टिंबं अशीच. मी बोट ठेवत ठेवत पहिली ओळ गुणगुणले आणि आंटी शब्द म्हणू लागल्या. एका शब्दाचाही अर्थ मला कळत नव्हता. ते गाणं एका मित्राबद्दल आहे, ज्याला वाढदिवसाला छोटासा माउथ ऑर्गन दिला त्या मित्राबद्दल, हे त्यांनी मागाहून सांगितलं.

या गाण्यांना ‘शिन्याव’ म्हणतात. ‘शिनजियापो’ म्हणजे सिंगापूर आणि ‘गेयाव’ म्हणजे लोकांची गाणी, दोन्ही शब्दांतून एकेक अक्षर घेऊन झालेलं हे नाव. १९८०च्या आगेमागे इथल्या शाळा-कॉलेजांतल्या मुलांनी ती लिहायला सुरुवात केली, आणि १९८२च्या सुमारास हे नाव रुळलं. मुलं सोळा ते एकवीस वर्षांची. बरीचशी ज्युनियर कॉलेजातली, म्हणजे आपल्या अकरावी-बारावीच्या वयाची. एक गिटार, फार तर दोन, तीन-चार आवाज, आणि वहीत उतरवलेली गाणी. जुरोंग ज्युनियर कॉलेजच्या एरिक मू आणि त्याच्या मित्रांनी आपल्या गटाला ‘भुयारी रेल्वे’ या अर्थाचं नाव दिलं होतं. सिंगापुरात तेव्हा भुयारी रेल्वे नव्हतीच, ती १९८७ साली धावली. शहरात जे अजून यायचं आहे त्याचं नाव मुलांनी आधीच घेऊन टाकलं, ही गोष्ट मला फार आवडते.

आज या गाण्यांना इथे मोठा मान आहे. २०१४च्या राष्ट्रीय दिनाच्या सभेत पंतप्रधान ली श्येन लूंग यांनी मँडरिन भाषणात शिन्यावचा उल्लेख केला आणि ते माउथ ऑर्गनचं गाणं थोडं गाऊनही दाखवलं. त्याच वर्षी ब्रास बासा कॉम्प्लेक्स या पुस्तकांच्या दुकानांनी भरलेल्या जुन्या इमारतीत शिन्यावचा मोफत कार्यक्रम झाला. त्याचं चित्रण मी कितीदा तरी पाहिलं आहे. खालचा चौक भरून गेलेला, आणि वर प्रत्येक मजल्याच्या कठड्याला टेकून माणसं उभी, पन्नाशीची, चष्मे लावलेली, सगळ्यांना सगळे शब्द पाठ. शाळांमधून शिन्याव गायनाच्या स्पर्धा होतात. हे सगळं पाहिलं की कुणालाही वाटेल, सरकारने मँडरिन शिकवली, मुलांनी मँडरिनमध्ये गाणी केली, धोरण फळाला आलं. इथे बरेच जण तसंच मानतात.

मला हे अर्धंच खरं वाटतं. आणि उरलेलं अर्धं कुणी बोलत नाही, म्हणून हा लेख.

आधी खरं तेवढं मान्य करते. १९७९ साली ७ सप्टेंबरला तेव्हाचे पंतप्रधान ली क्वान यू यांनी ‘मँडरिन बोला’ मोहीम सुरू केली. तेव्हा चिनी घरांपैकी मँडरिन बोलणारी घरं जेमतेम दहा टक्के होती. बाकी बहुतेक घरांत होक्कियन, तेओच्यू, कँटनीज, हाक्का, हायनानीज. यांना सरकार ‘डायलेक्ट’ म्हणतं, म्हणजे बोली. प्रत्यक्षात होक्कियन बोलणाऱ्याला कँटनीज कळत नाही, इतक्या त्या एकमेकींपासून दूर आहेत. एकाच वर्गातल्या दोन चिनी मुलांच्या आयांना एकमेकींशी बोलायला मलय किंवा मोडकं इंग्रजी वापरावं लागायचं. अशा मुलांना एक समाईक भाषा मिळाली नसती, तर ती एकत्र बसून गाणं लिहू शकली नसती. आंटींच्या गटात चार घरांतून आलेल्या चार बोली होत्या. मँडरिन नसती तर वही कोणत्या भाषेत लिहिली असती?

पण समाईक भाषा मिळाली म्हणून गाणी सुचतात असं कुठे आहे? तसं असतं तर प्रत्येक सक्तीच्या विषयातून गाणी निघाली असती.

गाण्यांची ठिणगी तैवानातून आली. तिथे १९७५ साली यांग श्येन या तरुणाने कवी यू क्वांग-चुंग यांच्या कवितांना चाली लावून तैपेईत गायल्या. पुढच्या वर्षी, १९७६च्या डिसेंबरात, तामकांग कॉलेजच्या एका कार्यक्रमात सगळे इंग्रजी गाणी गात होते. ली श्वांग-झ नावाचा तरुण कोका-कोलाची बाटली हातात घेऊन मंचावर गेला. त्याने विचारलं, परदेशातही कोका-कोला आणि इंग्रजी गाणी, इथे परत आलो तरी तेच. मग आपली गाणी कुठे आहेत? पुढच्याच वर्षी समुद्रात बुडणाऱ्या एकाला वाचवताना तो स्वतः गेला. पण ‘आपली गाणी गा’ ही हाक तैवानभर पसरली, आणि कॅसेटींबरोबर सिंगापूरच्या वर्गांतही पोचली. इथल्या मुलांनी आधी ती तैवानी गाणी तोंडपाठ केली. मग कुणाच्या तरी लक्षात आलं, की या गाण्यांतला गाव आपला नाही, त्यातला हिवाळाही आपला नाही. इथे बारा महिने घाम येतो. आपल्या बसबद्दल, आपल्या परीक्षेबद्दल, बारावीनंतर सक्तीच्या सैन्यसेवेत जाणाऱ्या आपल्या मित्राबद्दल गाणं कुठे आहे?

हा प्रश्न अभ्यासक्रमात नव्हता. कोणत्याही मोहिमेच्या फलकावर नव्हता. शाळा सुटल्यावर, मधल्या सुट्टीत, वसाहतीतल्या इमारतींच्या तळमजल्यावर जी मोकळी जागा असते तिथे बसून मुलांनी तो एकमेकांना विचारला. आणि मोठ्यांनी तिकडे फारसं लक्ष दिलं नाही, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

लक्ष का दिलं नाही, यालाही कारण आहे. पन्नाशीच्या दशकात चिनी माध्यमाच्या शाळांतली मुलं रस्त्यावर उतरली होती, दंगली झाल्या होत्या, आणि तेव्हापासून चिनी भाषेत एकत्र आलेल्या विद्यार्थ्यांकडे राज्यकर्ते संशयानेच बघत. चिनी माध्यमाचं नानयांग विद्यापीठ सायकलरिक्षावाल्यांनी दिवसाची कमाई देऊन उभारायला मदत केलेलं. तेही १९८० साली दुसऱ्या विद्यापीठात विलीन झालं. १९८७पर्यंत सगळ्या शाळा इंग्रजी माध्यमाच्या झाल्या. चिनीतला जड आवाज असा एकेक करून बंद होत असताना ही मुलं गात होती मैत्रीबद्दल, परीक्षेच्या आदल्या रात्रीबद्दल, वळून बघणाऱ्या मुलीबद्दल. त्यात कुणाला भीती वाटावी असं काय होतं? रेडिओने वाजवली, कम्युनिटी सेंटरने हॉल दिला.

काही जण या गाण्यांना हलकीफुलकी म्हणतात, त्यांत समाजाचं दुःख नाही म्हणतात. मला हे पटत नाही. ज्या पिढीची शाळा तिच्या डोळ्यांसमोर भाषा बदलत होती, जिला प्राथमिकमध्ये चिनीत शिकवून नंतर भौतिकशास्त्र इंग्रजीत दिलं गेलं, ती ‘आपण सगळे कुठे कुठे जाऊ, पण एकमेकांना विसरू नको’ असं पुन्हा पुन्हा गाते, तेव्हा ते नुसतं मैत्रीचं गाणं राहत नाही. ते माउथ ऑर्गनचं गाणं लिहिणारा लियांग वेर्न फूक १९६४चा, म्हणजे देश स्वतंत्र झाला तेव्हा वर्षाचा. पुढे त्याने स्वतःचं वाढणं आणि देशाचं वाढणं एकाच गाण्यात गुंफलं. २०१०मध्ये त्याला कल्चरल मेडॅलियन हा इथला कलेतला सर्वोच्च सन्मान मिळाला.

आणि याच लियांग वेर्न फूकचं एक गाणं २३ वर्षं रेडिओवर वाजलं नाही.

‘बांबूची काडी चोचीत धरलेली चिमणी’, असं काहीसं त्याचं नाव. १९९०चं गाणं. चिमणी काडी चोचीत धरून येते अशा एका कँटनीज बडबडगीताचा धागा घेऊन त्याने घरातल्या पिढ्यांचं गाणं केलं. आपल्याकडे चिऊताईशिवाय बाळ जेवत नाही, तसंच ते. मँडरिन गाण्यात मध्येच कँटनीज ओळी येतात, कारण आजी कँटनीजमध्येच बोलणार, दुसरं काय बोलणार? त्या ओळींमुळे प्रसारणावर बंदी आली. ती २०१३ साली उठली.

बंदीमागचा नियम गाण्याहून जुना होता. मोहीम सुरू झाल्यावर बोलींतले कार्यक्रम रेडिओ-टीव्हीवरून एकेक करत काढले गेले. हाँगकाँगच्या मालिका मँडरिनमध्ये डब होऊन येऊ लागल्या. घराघरांत आणि कॉफीच्या दुकानांत तारेवरून चालणारा रेडिफ्यूजनचा डबा असायचा. त्यावर ली दाय सो नावाचे कथाकार कँटनीजमध्ये रोज गोष्ट सांगत. १९८२मध्ये तेही थांबलं. आंटींची आजी त्या डब्यासमोर बसून भाजी निवडायची. गोष्ट बंद झाल्यावरही काही दिवस ती ठरल्या वेळी डबा लावायची, मग लावेनाशी झाली. शाळेच्या हजेरीपटावर मुलांची नावं मँडरिन उच्चाराने लिहिली जाऊ लागली, म्हणजे घरी ‘तान’ आडनावाचा मुलगा शाळेत ‘छेन’ झाला.

जागांचीही नावं बदलली. आपण मराठी बायका लिटल इंडियात कढीपत्ता, नारळ, ताजी मेथी आणायला ज्या बाजारात जातो तो टेक्का. टेक्का हा होक्कियन शब्द आहे, अर्थ ‘बांबूंच्या पायथ्याशी’. ऐंशीच्या दशकात नवी इमारत झाली तेव्हा त्याचं नाव मँडरिनमध्ये ‘झूजियाव’ केलं. चिनी अक्षरं तीच, उच्चार फक्त वेगळा. तमिळ भाजीवाल्याला, मलय खाटकाला, होक्कियन मासेवाल्याला, कुणालाच ते म्हणता येईना, आणि म्हणायचंही नव्हतं. शेवटी २००० साली पाटीवर पुन्हा टेक्का आलं. बाजाराला जुनं नाव परत मिळालं, पण त्याच बांबूची काडी चोचीत घेतलेल्या चिमणीला आणखी १३ वर्षं थांबावं लागलं. लोक बाजारात रोज जातात म्हणून ती पाटी लवकर बदलली असेल का, असा विचार माझ्या मनात येतो.

म्हणून मी म्हणते, की शिन्यावचं श्रेय धोरणाला देताना चिमणीचा हिशेबही त्याच पानावर मांडा. धोरणाने मुलांना भाषा दिली, हे खरं. मुलं त्या भाषेत स्वतःचं घर आणू लागली तेव्हा धोरणाने दाराशीच अडवलं, हेही तितकंच खरं. १९९०पर्यंत लियांगची भाषा पक्की झाली होती, हात सरावला होता. पोरवयातल्या गाण्यांच्या पुढची पायरी हीच होती, की आता आजीला गाण्यात घ्यायचं. नेमकं तेच रेडिओवर चाललं नाही. नव्वदीनंतर शिन्याव ओसरलं, याला कारणं पुष्कळ सांगतात: मुलं मोठी झाली, नोकऱ्यांना लागली, बाजार लहान, तैवान-हाँगकाँगची चकाचक गाणी समोर. ती सगळी खरी असतील. पण एका चळवळीतला सगळ्यात ताकदीचा लेखक घरातला आवाज गाण्यात आणतो आणि ते गाणं कुणाच्या कानावर पडत नाही, तेव्हा मागून येणाऱ्या मुलांना काय कळतं? कळतं ते एवढंच, की इतकंच लिहायचं.

जिथे पहारा नव्हता तिथे काय झालं, तेही बघा. चिनी पंचांगाच्या सातव्या महिन्यात, आपल्या पितृपक्षासारखाच तो काळ, वसाहतींच्या मोकळ्या मैदानांत ‘गेताई’ होते. मांडव घालतात, दिव्यांची रोषणाई, झगमगत्या कपड्यांतले गायक, आणि निवेदक होक्कियनमध्ये बोलत असतो. पहिली रांग रिकामी. लाल प्लास्टिकच्या खुर्च्या ओळीने मांडलेल्या असतात आणि त्यांवर कुणी बसत नाही, कारण त्या पितरांसाठी असतात. आम्ही इथे आलो त्या पहिल्या वर्षी मला हे माहीत नव्हतं. मुलीला कडेवर घेऊन पुढे बसायला निघाले, तर एका म्हाताऱ्या बाईंनी माझा दंड धरून मागच्या रांगेत नेलं आणि स्वतःची खुर्ची मला दिली. गेताई रेडिओवर नव्हती, टीव्हीवर नव्हती, म्हणून तिला कुणी मँडरिन बोलायला लावलं नाही, आणि होक्कियन गाणं तिथे तगलं. २००७मध्ये रॉयस्टन टान या दिग्दर्शकाने गेताईवर ‘८८१’ हा सिनेमा केला, तेव्हा होक्कियन गाण्यांसाठी लोकांनी थिएटरं भरली. २०१६ साली त्याच्याच दिग्दर्शनाखाली ज्येष्ठांना सरकारी योजना समजावून सांगायला टीव्हीवर होक्कियन मालिका आली. म्हणजे औषधोपचाराची योजना समजावायची वेळ आली तेव्हा आजीची भाषाच उपयोगी पडली.

आता आकडे बघा, कारण मोहिमेची बाजू शेवटी आकड्यांवरच उभी राहते. मँडरिन बोलणारी चिनी घरं १९८०मध्ये दहा टक्के होती, १९९०मध्ये तीस टक्क्यांवर गेली. हे यश होतं. पण २०२०च्या जनगणनेत पाच वर्षांवरच्या सगळ्या रहिवाशांपैकी ४८.३ टक्के लोक घरी सगळ्यात जास्त इंग्रजी बोलतात. मँडरिन २९.९ टक्के. सगळ्या चिनी बोली मिळून ८.७ टक्के. बोली सोडल्या की मुलांच्या डोक्यात मँडरिनला जागा होईल, असं तेव्हा सांगितलं होतं. जागा झाली, आणि तिथे इंग्रजी येऊन बसली. आंटींची नात त्यांच्याशी इंग्रजीत बोलते. मँडरिनच्या शिकवणीला आठवड्यातून दोनदा जाते, आणि परीक्षा संपली की तो विषय संपला म्हणून आनंदते.

खुद्द ली क्वान यू यांनी २००९ साली चिनी भाषेच्या शिक्षणकेंद्राच्या उद्घाटनात कबूल केलं, की सुरुवातीचा मार्ग चुकला, मुलांना श्रुतलेखनाच्या आणि पाठांतराच्या घाण्याला जुंपलं, आणि त्याची किंमत पिढ्यांनी मोजली. इतक्या मोठ्या माणसाने हे बोलून दाखवलं याचा मला आदर वाटतो. पण ही कबुली वर्गापुरतीच राहिली. प्रसारणात बोलींना आजही मोजक्या अपवादांपुरतीच जागा आहे.

माझी मागणी साधी आहे, आणि इथे राहून, इथला कर भरून ती करते आहे: गाण्यात कोणती भाषा किती ओळी यावी, हा नियम पूर्णपणे जाऊ द्या. शिन्यावची स्पर्धा भरवा, जुने गायक बोलवा, सन्मान द्या, सगळं चांगलं आहे. पण आजच्या सोळा वर्षांच्या मुलाला आजीची होक्कियन, शाळेची मँडरिन, मित्रांची सिंग्लिश, म्हणजे इथली मिसळीची इंग्रजी, आणि शेजारच्या मलय काकूंचे दोन शब्द मिसळून गाणं करावंसं वाटलं, तर ते रेडिओवर वाजायला हवं. १९८२ची मुलं त्यांच्या काळच्या जिवंत भाषेत गात होती. आजच्या मुलांनीही तसंच गावं, १९८२च्या भाषेत नव्हे.

यावर एक आक्षेप मी नेहमी ऐकते, आणि तो सहृदय माणसांकडून येतो म्हणून त्याला उत्तर देते. मुलाच्या डोक्यावर किती भाषा लादणार? तीन-तीन भाषा त्याला पेलतील का? मी माझ्या मुलीकडे बघते. मराठी, हिंदी, इंग्रजी, आणि शाळेच्या कँटीनमधली सिंग्लिश. दमते का? दमते. पण दमते ती हिंदीच्या व्याकरणाच्या गृहपाठाने. आजीशी भांडताना ती कधी दमलेली मी पाहिली नाही. लादलेलं आणि लाभलेलं, दोन्हीला आपण एकाच काट्यावर तोलतो, तिथेच चुकतं.

आणि हे बोट सिंगापूरकडे दाखवताना माझं आजोळ मला विसरता येत नाही. माझी आई सटाण्याकडची. मामा-मावश्या एकत्र जमले की घरात अहिराणी सुरू व्हायची, “काय करी राह्यना?” इथपासून. आई ती आमच्याशी कधी बोलली नाही. तिच्या शाळेत ती बोलल्यावर हसायचे, बाई तिला उभं करून ‘शुद्ध’ वाक्य पुन्हा म्हणायला लावायच्या, आणि आपल्या मुलांवर ती वेळ येऊ नये म्हणून तिने ते दार आतूनच लावून घेतलं. आमच्यावर कुठल्या सरकारची बंदी नव्हती. तरी मला आज अहिराणीत चार वाक्यं सलग येत नाहीत. मराठीला २०२४मध्ये अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा मी इथे पेढे वाटले, आणि त्याच संध्याकाळी आईला फोन करून म्हटलं, मला तुझी भाषा शिकव. ती आधी लाजली. मग तिने मला एक ओवी म्हणून दाखवली, तिच्या आईची. मी ती फोनवर रेकॉर्ड करून ठेवली आहे.

इथल्या आमच्या गणपतीत मुलं दरवर्षी कार्यक्रम करतात. नऊवारी, फेटे, लावणी, गोंधळ, पोवाडा. मुलं मनापासून करतात, आणि बघताना माझेही डोळे भरून येतात. पण त्यातलं प्रत्येक गाणं आमच्या वेळचं किंवा आमच्या आईबापांच्या वेळचं असतं. आम्ही निवडलेलं, आम्ही बसवून घेतलेलं, उच्चार आम्ही तपासलेलं. इथे वाढणाऱ्या मराठी मुलाचं स्वतःचं, शाळेच्या बसमधलं, सैन्यसेवेला निघालेल्या दादाबद्दलचं, आजीच्या व्हिडिओ कॉलबद्दलचं गाणं मी अजून एकदाही ऐकलं नाही. ते नसेल असं मला वाटत नाही. आम्ही त्याला जागा ठेवली नाही. जी चूक रेडिओने चिमणीच्या बाबतीत केली, ती आम्ही फेटे बांधून, पेढे वाटून, प्रेमाने करत आलो आहोत.

शिन्यावच्या मुलांना नंतर जे मिळालं ते मोठं होतं. एरिक मू तैवानला जाऊन नावाजलेला गायक झाला. त्याच मुलांतल्या बिली को आणि सोबत्यांनी १९८६मध्ये ओशन बटरफ्लाइज ही कंपनी काढली, जिने पुढे जेजे लिनला जगासमोर आणलं. ली वेई सोंग आणि ली सी सोंग या जुळ्या भावांच्या हाताखाली स्टेफनी सन तयार झाली. आज बीजिंगपासून तैपेईपर्यंत लाखो लोक ज्यांची गाणी गातात, त्यांच्या मागे तळमजल्यावरची ती गिटार आहे. तेव्हा त्या गिटारकडे बघून कुणी म्हटलं नव्हतं, की यातून उद्योग उभा राहील. मुलांना फक्त बसू दिलं होतं.

आंटींच्या वहीच्या शेवटच्या पानावर चिमणीचं गाणं आहे. इतर गाण्यांसारखं नीटनेटकं नाही. कॅसेट थांबवून थांबवून उतरवलेलं, खाडाखोड बरीच, आणि कँटनीज ओळींपाशी अक्षरांऐवजी आवाज लिहिलेले, कारण ती भाषा लिहायला त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. आई तेव्हा जिवंत होती. एकेका ओळीला आईला विचारून त्यांनी ते लिहिलं. त्या ओळींवर आकडे घालायचे राहून गेले आहेत. मी विचारलं तर म्हणाल्या, “आईला चाल येतच होती ना.”

या वर्षीच्या गणपतीच्या कार्यक्रमात मी समितीकडून वीस मिनिटं मागून घेतली आहेत. रविवारी दुपारी सव्वाचार ते चार पस्तीस, आरतीच्या आधी. तेरा ते एकोणीस वर्षांची मुलं, स्वतः केलेलं काहीही, आधी कुणाला दाखवायचं नाही, भाषा तपासायची नाही. दोन बैठकांत वाद झाला. कुणी वेडंवाकडं म्हटलं तर, असं एका काकांनी विचारलं. मी म्हटलं, तर आपण ऐकू. आतापर्यंत तीन नावं आली आहेत. त्यातल्या एकीने निरोप पाठवून विचारलं, मावशी, मराठीत मध्येच मँडरिन आली तर चालेल का, माझ्या मैत्रिणीला पण गायचंय. मी तिला कळवलं आहे, की दोघींसाठी दोन माइक लावून घेते.